एकच ट्यूब आणि अख्खं चित्र: प्रशियन ब्लूचा रिव्ह्यू, नागपूरच्या उन्हापावसात वापरून

आधीच सांगून टाकते, एकाच रंगाच्या छटांमध्ये चित्रं काढायची मनात असेल आणि खिशातून एकाच ट्यूबचे पैसे निघणार असतील तर वॉटरकलरमध्ये प्रशियन ब्लू घ्या, डोळे मिटून घ्या. बाकी रंग वाईट आहेत असं नाही, पण एकरंगी कामाला रंग किती सुंदर आहे हे दुय्यम असतं, तो किती खोल जातो आणि किती फिका होऊ शकतो हे खरं महत्त्वाचं असतं आणि त्या बाबतीत ह्या रंगाच्या जवळपास येणारे फार थोडे आहेत. ट्यूबमधून काढला तसाच जाड लावला तर जवळजवळ काळा दिसतो, आणि तोच थेंबभर घेऊन वाटीभर पाण्यात सोडला तर पावसाळ्यात फुटाळा तलावावर सकाळी सकाळी जे पुसट निळं असतं तसा होतो. ह्या दोन टोकांच्या मधली सगळी जागा तुमची. मी गेल्या पावसाळ्यापासून हाच रंग वापरून राहिले आहे, पावसात, थंडीत आणि मे महिन्याच्या त्या भट्टीतही, त्यामुळे जे लिहून राहिले ते सगळं हातानं करून पाहिलेलं आहे.

लोक विचारतात की कोणताही रंग चालेल नं, एकच तर वापरायचा आहे. नाही चालत. पिवळा घेऊन पाहा. लेमन यलो कितीही जाड लावा, त्याचा सगळ्यात गडद थर पण उजेडच असतो, मग सावली कुठून आणणार? चित्र धुवट दिसतं आणि माणूस म्हणतो मला जमत नाही, जमत सगळं असतं, रंगाकडेच अंधार नसतो. अल्ट्रामरीन छान आहे पण त्याचे कण कागदाच्या खड्ड्यांमध्ये बसतात, आभाळाला तो दाणेदारपणा मस्त वाटतो, चेहऱ्याच्या गालावर मात्र नको वाटतो. बर्न्ट अंबर हा खरा टक्कर देणारा, जुन्या वाड्यांची, महाल भागातल्या लाकडी खांबांची चित्रं काढायची असतील तर मी पण तोच घेईन, फक्त फिका केल्यावर तो जरा मळका होतो. इंडिगो आणि पेन्स ग्रे हे दोन्ही बहुतेक कंपन्यांमध्ये मिक्स करून बनवलेले असतात, निळ्यात काळा घालून, म्हणजे तुम्ही एक रंग म्हणून घेता आणि आत दोन-तीन निघतात, मग ओल्या कागदावर सोडला की कधी कधी निळा एकीकडे पसरतो आणि काळा मागे राहतो. त्याचीही मजा आहे. पण शिकताना ती भानगड नको.

म्हणून ट्यूब घेताना नाव वाचू नका, मागचा बारीक अक्षरातला पिगमेंट नंबर, म्हणजे आत कोणतं रंगद्रव्य आहे त्याचा नंबर, वाचा. पीबी 27 लिहिलेलं असेल तर तो खरा प्रशियन ब्लू. पुढे 'ह्यू' लिहिलं असेल, किंवा मागे पीबी 15 आणि सोबत काळ्याचा नंबर असेल, तर तो त्याच्यासारखा दिसावा म्हणून थॅलो ब्लू ह्या दुसऱ्या भडक निळ्यामध्ये काळा घालून केलेला आहे. वाईट नसतो, उन्हाला तर जास्तच टिकतो, पण फिका केल्यावर त्याच्यात तो शांतपणा येत नाही, थॅलोचा भडकपणा वर येतो. माझ्याकडे आधी मुलांसाठीचा एक बारा रंगांचा बॉक्स होता, कंपनीचं नाव नाही लिहीत, त्यातल्या प्रशियन ब्लूवर पिगमेंट नंबरच नव्हता आणि वाळला की वर पांढुरकी पावडर दिसायची, त्याच्यात खडूसारखं काहीतरी भरलेलं असणार. तशा रंगात पाच छटा पण धड निघत नाहीत. पोरं त्याच्यावर शिकतात आणि मग आपल्यालाच येत नाही असं समजून सोडून देतात, ह्याचा मला खरंच त्रास होतो.

ह्या रंगाचा जन्म मजेशीर आहे. साधारण 1706 च्या आसपास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा माणूस लाल रंग बनवत होता, त्यासाठी लागणारा पोटॅश नासलेला निघाला, त्यात प्राण्यांपासून काढलेल्या तेलाचा अंश होता, आणि भांड्यात लालऐवजी हा निळा तयार झाला. त्याच्या आधी चांगला निळा म्हणजे लाजवर्द दगड दळून काढलेला, भयंकर महाग. हा आला आणि निळा स्वस्त झाला. पुढे तो जपानला पोचला, आणि तिथल्या होकुसाई ह्या चित्रकाराची ती फुजी डोंगरासमोरची प्रचंड लाट, 1831 च्या आसपासची, सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलीच असते, तिच्यातला निळा हाच. त्याच काळात तिकडे फक्त निळ्याच्याच छटांमध्ये छापलेली चित्रं निघाली, त्यांना आइझुरी-ए म्हणतात, मोबाईलवर शोधून मोठी करून पाहा, समुद्र, आभाळ, कपडे, झाडं सगळं एका निळ्यात आणि तरी कुठे काही कमी वाटत नाही. आणि इंजिनिअर लोकांचे जुने ब्लूप्रिंट, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, तो निळा पण हाच, 1842 मध्ये जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधलेल्या सायनोटाईप ह्या उन्हानं छापायच्या पद्धतीनं कागदावरच तयार होणारा. आजोबांच्या काळातले घराचे नकाशे कोणाच्या ट्रंकेत असतील तर काढून पाहा.

आता वापराचं. ट्यूब आणल्यावर पहिलं काम चित्र नाही, पट्टी. कागदाच्या एका पट्टीवर नऊ खण आखा, पहिला कोरा ठेवा, नववा ट्यूबमधल्या रंगानं भरा, आणि मधले सात पाणी कमी-जास्त करून असे भरा की प्रत्येक पायरी सारखीच वाटली पाहिजे. सोपं वाटतं, पण पाचवा खण भल्याभल्यांना दमवतो, कारण आपला हात एक तर फिक्याकडे झुकतो नाही तर गडदकडे, मधोमध थांबतच नाही. त्यात प्रशियन ब्लूची एक सवय अशी की ओला असताना जेवढा गडद दिसतो त्याच्यापेक्षा वाळल्यावर बराच फिका होतो, इतर रंगांपेक्षा जास्तच. म्हणून मी आता पाहिजे त्याच्यापेक्षा एक पायरी गडदच लावते. आणि नववा खण एकदम जाड थापायचा नाही, फार जाड झाला की त्याच्यावर तांब्यासारखी चमक येते आणि अंगाला प्रकाश लागला की तो अंधार वाटतच नाही. त्यापेक्षा दोन थर द्या, पहिला पूर्ण वाळू द्यायचा आणि मग दुसरा, मस्त मखमली खोल निळा येतो. ही पट्टी चित्र काढताना शेजारी ठेवायची, समोरची वस्तू पाहायची आणि विचारायचं, ही कितव्या खणातली?

ह्याच्यासाठी संत्र्यासारखं मॉडेल नाही आणि आपल्याकडे त्याला तोटा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री बाजारात असतात तेव्हा दोन आणा, एक पानासकट मिळालं तर फारच छान. निळ्या रंगात संत्रं काढायचं म्हटलं की लोक हसतात, पण करून पाहा. पहिली गोष्ट कळते की संत्र्याचा केशरी आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा बराच उजेडाचा आहे, माझ्या पट्टीवर तो तिसऱ्या खणात बसतो, आणि ते पान मात्र थेट सातव्यात जातं. रंगीत चित्रात केशरी आणि हिरवा एकमेकांपासून आपोआप वेगळे दिसतात म्हणून हे कधी लक्षातच येत नाही. मग चमक. आपण एक पांढरा गोल ठिपका सोडून देतो आणि संत्र्याचा प्लास्टिकचा चेंडू होतो. नीट पाहिलं तर सालीवर बारीक बारीक खड्डे असतात आणि प्रत्येक खड्ड्याच्या काठावर थोडा थोडा उजेड असतो, त्यामुळे चमक तुटक असते, ती कोरड्या ब्रशनं, जवळजवळ रंग नसलेल्या, खरखरीत कागदावरून नुसता सरकवून आणायची. सावलीचा सगळ्यात गडद भाग काठावर नसतो, काठाच्या थोडा आत असतो, कारण काठाला खालच्या टेबलाचा उजेड परत लागतो. आणि संत्रं जिथे टेबलाला टेकतं तिथली ती बारीक रेघ, तिथेच नववा खण वापरायचा, बाकी कुठे नाही. आपलं संत्रं ढिल्या सालीचं, देठापाशी जरा उचललेलं आणि एकदम गोल नसतंच, तो देठाजवळचा फुगवटा नीट आला की निळं असून पण कोणी लिंबू म्हणत नाही की मोसंबी म्हणत नाही. माझ्या शेजारच्या काकूंनी दारातूनच पाहून विचारलं, कुठून आणलीत, गोड निघाली का? मला त्याच्याएवढी दुसरी पावती नको.

झिरो माईलच्या खांबाजवळचे घोड्यांचे पुतळे पण करून पाहा, ते वेगळ्या कारणासाठी. तिथे घोडे रंगवायचेच नाहीत, घोड्यांच्या मागचं झाड आणि आभाळ रंगवायचं आणि घोडे कागदाच्या कोरेपणातून उभे राहू द्यायचे. एकाच रंगात काम करताना हे फार लवकर अंगवळणी पडतं कारण वेगळं दाखवायला दुसरा रंगच नाही, उजेडाच्या शेजारी अंधार ठेवणं एवढाच उपाय हाती आहे. रामटेकला गेलात तर गडावरून लांबचे डोंगर दिसतात, जवळचा सहाव्या खणात, मागचा चौथ्यात, त्याच्या मागचा दुसऱ्यात, तीन वॉश, म्हणजे पातळ रंगाचे तीन सपाट थर, आणि चित्र तयार.

आता आपल्या हवामानाचं, कारण यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ थंड देशातले असतात आणि ते पाहून इकडे वॉश मारायला गेलं की पंचाईत होते. मे महिन्यात 45 च्या वर पारा आणि हवा कोरडी ठण्ण, ब्रश कागदाच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावं टोक वाळलेलं असतं आणि मधे कडक रेघ पडते. प्रशियन ब्लूमध्ये ती रेघ जास्तच उठून दिसते कारण रंगात जोर फार, आणि एकदा बसला की पुसून निघत नाही. मी काय करते की कागद मागून पण ओला करून काचेवर किंवा जुन्या टाइलवर चिकटवते, कुलरच्या खोलीत बसते पण हवेच्या झोतासमोर नाही, एका बाजूला, कुलरनं खोलीत दमटपणा येतो तो ह्या कामाला वरदान आहे, एसीच्या खोलीत उलट अजून लवकर वाळतं. नाही तर पहाटे सहाला बसायचं. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उलट, पहिला थर वाळतच नाही आणि घाई करून दुसरा दिला की फुलकोबीसारखे डाग येतात, तेव्हा हेअर ड्रायर लांबून धरायचा आणि थांबायचं. पण ढग काढायचे तर तेच दिवस. अंबाझरी तलावावर भरून आलेलं आभाळ ओल्या कागदावर ह्या रंगात जे उतरतं, किंचित हिरवट झाक असलेला तो जड निळा, ते मला कुठल्याही सहा रंगांच्या मिक्सिंगमध्ये मिळालेलं नाही.

दोष आहेत, ते पण सांगते. एक तर हा रंग कागदात घुसतो. चमक आधीच राखून ठेवायला लागते, नंतर ओल्या ब्रशनं उचलून घेऊ म्हणाल तर निळा डाग राहतोच. प्लास्टिकच्या पॅलेटवर कायमचे डाग पडतात म्हणून चिनी मातीची पांढरी बशी वापरा, पाच मिनिटांत स्वच्छ होते. कपड्यावर पडला तर लगेच साबण-सोडा नका लावू, हे कोणी सांगत नाही, हा लोखंडाचा संयुग असल्यामुळे तीव्र अल्कलीनं त्याचा निळा मोडतो आणि जागेवर गंजासारखा पिवळट तपकिरी डाग उरतो, आधी नुसत्या थंड पाण्यानं निघेल तेवढा काढा. ह्याच कारणानं चुन्याच्या भिंतीवर हा रंग चालत नाही. दुसरं म्हणजे फार फिके वॉश कडक उन्हात ठेवले तर उडतात, अंधारात ठेवल्यावर थोडे परत येतात असा ह्याचा अजब स्वभाव आहे, पण त्या भरवशावर राहू नका, फ्रेम करून खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका. आणि ज्यांना ह्याच्या रासायनिक नावातल्या, फेरिक फेरोसायनाइडमधल्या, सायनाइडची भीती वाटते त्यांच्यासाठी, ह्यात ते लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की थॅलियमच्या विषबाधेवर औषध म्हणून हाच पदार्थ कॅप्सूलमध्ये देतात. तरी ब्रश तोंडात घालून टोक करायची सवय असेल तर ती सोडा, कोणत्याच रंगाला ते चांगलं नाही.

किमतीचं म्हणाल तर देशी आर्टिस्ट ग्रेडची मोठी ट्यूब मला दोनशेच्या आतबाहेर पडली, परदेशी कंपनीची छोटी 5 मिलीची त्याच्या दुपटीनं. फरक आहे, परदेशीत जोर जास्त, पण दुप्पट आहे असं वाटलं नाही. जे पैसे वाचतात ते कागदात घाला, हे मी अगदी जोर देऊन सांगते. बारा रंगांच्या पेटीतले बाकीचे अकरा रंग न घेऊन वाचलेल्या पैशात 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कॉटन कागद येतो, आणि साध्या ड्रॉइंग बुकच्या कागदावर ही ट्यूब वापरणं म्हणजे तिचा अपमान आहे, तिथे सात-आठ छटा निघूच शकत नाहीत, पाणी लागलं की कागद फुगून वाटी होतो. ब्रश दोनच, एक 10 नंबरचा गोल, एक जुना झिजलेला कोरड्या कामाला. सीताबर्डीवरच्या आर्ट मटेरियलच्या दुकानांमध्ये सुट्ट्या ट्यूब मिळतात, जाऊन हातात घ्या, दाबून पाहा, मऊ लागली पाहिजे. मी एकदा मे महिन्यात ऑनलाइन मागवली तर गाडीतल्या उन्हानं ट्यूबच्या तोंडाशी गोंद वेगळा आणि रंग वेगळा होऊन आला, आणि परत घ्यायला त्या साइटनं इतके फोटो मागितले की शेवटी मीच नाद सोडला. उन्हाळ्यात दुकानातूनच घ्या.

माझी भाची इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसली होती, वस्तुचित्राच्या पेपरची तिला धास्ती, रंग चांगले लावायची पण मडकं गोल वाटायचंच नाही. तिला महिनाभर रंगपेटी बंद करून ही एकच ट्यूब दिली. मडकं, पितळी तांब्या, घडी घातलेला टॉवेल, कांदे. आधी रुसली, मग तिचं तिलाच दिसायला लागलं की तांब्यावर सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग एकमेकांना चिकटून असतात आणि मडक्यावर तसे नसतात, म्हणून पितळ पितळ वाटतं आणि माती माती वाटते. ती चमक रंगाची नव्हतीच. मोबाईलवर वस्तूचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून पडताळायची युक्ती तिनंच काढली, मी पण आता वापरते. नंतर पेटी उघडली तेव्हा तिच्या रंगीत चित्रात पण वजन आलं होतं. शाळेतल्या सरांनी पण विचारलं की काय केलंस म्हणून.

आणि नागपूरच्या लोकांनी तर ह्या कामाकडे जरा आपलेपणानं पाहायला हवं. चित्रकार वासुदेव गायतोंडे, 1924 मध्ये आपल्या नागपुरात जन्मले, पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, त्यांची मोठी चित्रं पाहा, पुष्कळ चित्रांमध्ये एकच रंग राज्य करतो, रोलरनं आणि पॅलेट नाइफनं थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि त्या एका रंगाच्या आतून उजेड येतो आहे असं वाटतं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं त्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यांचं काम तेलरंगातलं, आपली ट्यूब पाण्याची, बरोबरी करायचा प्रश्नच नाही, पण एका रंगात किती मावतं हे ज्याला पाहायचं आहे त्यानं दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गेल्यावर त्यांच्या चित्रासमोर थोडा वेळ उभं राहावं. मोबाईलच्या स्क्रीनवर ते थर दिसतच नाहीत.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. ज्यांना फुलांची, साड्यांची, सणांची चित्रं काढायची आहेत आणि रंग हाच ज्यांचा आनंद आहे त्यांनी ही ट्यूब पेटीतला एक रंग म्हणून घ्यावी, एकटी नको. अगदी लहान पोरांना पण नको, डाग जात नाहीत, त्यांना बर्न्ट अंबर द्या. बाकी सगळ्यांना, विशेषतः जे बरीच वर्षं रंग लावून राहिले आणि तरी चित्र सपाट येतं म्हणतात त्यांना, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ऊन लागून उडणाऱ्या फिक्या वॉशसाठी. पीबी 27 आणि बर्न्ट अंबर दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर दोन्ही घ्या पण एका चित्रात एकच उघडा, आणि ट्यूबचं झाकण लावायच्या आधी तोंडाचा आटा ओल्या फडक्यानं पुसा, हा रंग तिथे वाळला की झाकण पक्कडीशिवाय निघत नाही.